रोम पडू न देणारे रायर

रोमन साम्राज्य कधी पडलं, असं कुणी विचारलं की मी सावध होतो. इतिहासाचा प्राध्यापक म्हणून उभा जन्म पगार घेतलेला माणूस मी. उत्तर तोंडपाठ असायला हवं. तसं ते आहेही. पण कुंभकोणमला मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो, त्यांच्या हिशेबानं ते पडलेलंच नव्हतं. पुढे ते पडलं, तेव्हा पाडणारा मी होतो. रानटी टोळ्यांचं नाव उगाच झालं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मला नोकरी देऊ नये याबद्दल पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांचं एकमत झालं. पुण्यात एकमत होण्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असावा. तेव्हा मी कावेरीकाठच्या त्या गावी इतिहास शिकवायला गेलो. तमिळ येत नव्हतं. इतिहासही बेताचाच येत होता, पण तो इंग्रजीतून शिकवायचा असल्यामुळे ते झाकलं जायचं.

घर शोधताना कुणीतरी सांगितलं की अमुक गल्लीत एक मराठी घर आहे, माडी रिकामी आहे. मी हरखलो. दारात एक किडकिडीत म्हातारे उभे होते. कपाळाला गंध, कमरेला तिकडची धोतरासारखी वेष्टी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम पुणेरी मराठीत माडीची चौकशी केली. परमुलखात मायबोली ऐकून यांचा कंठ दाटून येणार, या तयारीनं मी थांबलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत तोंड करून हाक मारली,

"अगो, कोणी उत्तरेचे आले आहेत. मराठीसारखें कांहीं बोलतात."

त्यांची मराठी अडीच-तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या राजांबरोबर खाली उतरली ती तिथंच राहिली. आमची मराठी मागे राहून बिघडली, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. 'इतकें इंग्रज होते तुमच्याकडे, भाषा काय टिकणार,' असं म्हणून ते मला माफही करत. गाव त्यांना रायर म्हणे, तिथं प्रत्येक मराठी माणसाला म्हणतात तसं. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली मामी म्हणायची, म्हणून मी त्यांना मामा म्हणू लागलो. ते मला 'मास्तर' म्हणत. मी 'प्रोफेसर' असं एकदा सुचवून पाहिलं. "तेंही होईल सावकाश," ते म्हणाले.

मामा रजिस्ट्रार कचेरीतून निवृत्त झाले होते आणि रोमन लोकांचा सुबोध इतिहास लिहीत होते. मराठीत! कुंभकोणमात ज्यांना मराठी वाचता येईल अशी माणसं एका जटक्यात बसली असती, आणि घोड्याला त्रास झाला नसता. पण मामांना वाचकांची चिंता नव्हती. त्यांना चिंता रोमनांची. "त्यांचें करणारें कोणी उरलें नाहीं हो," असं ते दूरच्या नात्यातल्या निपुत्रिक म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत.

लिहिण्याचा त्यांचा रिवाज ठरलेला. प्रजासत्ताकाची सगळी प्रकरणं त्यांनी उघड्या अंगावर पंचा टाकून लिहिली होती. सम्राट सुरू झाले तसा कचेरीतला काळा कोट बाहेर निघाला. मे महिन्यात, कुंभकोणमच्या उकाड्यात, उघड्या छातीवर लोकरी कोट घालून घामाघूम होऊन हा माणूस टाक चालवतोय, हे पाहून मी म्हटलं, "मामा, काढा की तो कोट." तर म्हणाले, "सम्राटासमोर उघड्यानें बसूं? तुमच्या पुण्यांत बसत असतील."

आणि ते रोमन! तुम्ही-मी वाचलेले रोमन नव्हेतच ते. त्यांचं सिनेट म्हणजे देवळाच्या पंचांची सभा: निर्णय काही नाही, पण कोण कुठल्या खांबाशी बसणार यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. रोमन लोक स्नानगृहात तासन्‌तास घालवत, हे वाचून मामा त्यांच्यावर फार खूश होते. ते केसांना काय लावत, याबद्दल इंग्रजी ग्रंथ गप्प होता, म्हणून मामांनी तिथं शिकेकाई घातली. सीझरनं तीनदा राजमुकुट नाकारला, त्यावर त्यांचं भाष्य असं: 'जांवई पायस नको म्हणतो तैसेंच हें. पहिल्यानें नको म्हणजे भूक आहे. दुसऱ्यानें नको म्हणजे पुष्कळ आहे. तिसऱ्यानें नको म्हणजे सासूनें डाव घेऊन तेथेंच उभें राहावें. रोमन सासू निघून गेली, हा अनर्थ.' मी कॉलेजात हा प्रसंग तीन तास शिकवायचो, आणि एवढं मला कधी कळलं नव्हतं. कळलं नव्हतं ते एका परीनं बरंच होतं. नोकरी तरी टिकली.

लिहिलेलं पान संध्याकाळी तिण्णैवर वाचलं जाई. तिण्णै म्हणजे दाराबाहेरचा खांबांचा ओटा. ओट्यावर ठरलेली मंडळी: एक निवृत्त तमिळ हेडमास्तर, एक विड्याच्या पानांचे व्यापारी, आणि माडीवरून कॉफीच्या वासानं ओढला गेलेला मी. मामा मराठीत लिहिलेलं जागच्या जागी तमिळ करून सांगत. तिण्णैवर ऐकवल्याशिवाय एकही पान ग्रंथात जात नसे.

आणि एक नियम होता, त्याला तोड नव्हती. कुठलीही बैठक अमंगलावर उठायची नाही. मामांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनं. राजाच्या पदरी असलेले कीर्तनकार यांचे पूर्वज. कथेत कुणी मेलं, काही बुडालं, तरी शेवट लग्नानं किंवा राज्याभिषेकानं व्हायचा. त्याशिवाय श्रोत्यानं उठायचं नाही आणि सांगणाऱ्यानं थांबायचं नाही. म्हणून मामांच्या ग्रंथात सीझर मेला की त्याच पानावर त्याचा वारस गादीवर बसे, आणि मग आम्हाला कॉफी मिळे.

पहिले सम्राट दीर्घायुषी होते, तोवर ठीक चाललं. पुढे असा काळ आला की सैनिक आज ज्याला गादीवर बसवत त्याला उद्या मारत. मामा एकाचा अभिषेक करून मंगल म्हणायला तोंड उघडणार, तोच पुढच्या ओळीत त्याचा खून! त्याला टाकून दुसरा, तोही गेला. बैठक संपायचं नाव घेईना. आतून मामी भात निवल्याचं सांगून गेल्या. पानांचे व्यापारी खांबाला टेकून घोरू लागले. शेवटी हेडमास्तर तमिळमध्ये ओरडले, "रायर, पोदुम्! पुरे! हाही मेला का? कुणालाही बसवा हो, हवं तर मला बसवा, पण आम्हाला घरी जाऊ द्या!"

मी हसलो. मामा हसले नाहीत. लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"मास्तर, तंजावरचें राज्य इंग्रजांनीं कां घेतिलें?"

मी वारस नसणं, गव्हर्नर जनरलचं धोरण वगैरे परीक्षेतलं उत्तर सुरू केलं.

"तें निमित्त," मामा म्हणाले. "माझा पणजा राजवाड्यांत यादवांचा नाश सांगत होता. पुढें मंगल म्हणायचें, तों आंत फणसाचें पायस झालें. वास आला. पणज्यानें नाश झाला तेथेंच झांज खालीं ठेविली नि पानावर बसला. फार दिवस नाहीं गेले. राज्य गेलें."

एक साम्राज्य फणसाच्या पायसात बुडाल्याचा असा सरळ पुरावा मला इतिहासात दुसरा ठाऊक नाही. मी खो खो हसणार होतो, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून खोकलो.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ग्रंथ का अडला आहे. सगळं रोम लिहून झालं होतं, फक्त शेवट राहिला होता. मामांच्या कपाटात इंग्रजी इतिहासाचे जाड खंड होते; त्यातला शेवटचा त्यांनी सुतळीनं करकचून बांधून, वर हळदकुंकू लावून ठेवला होता. त्यात रोम पडतं, हे त्यांना ऐकून माहीत होतं. तो खंड त्यांनी उघडलाच नव्हता. एक राज्य घरच्या चुकीनं गेलं. दुसरं आपल्या हातून नको.

अशात एक प्रकाशक आले. पुण्याचे, गोल, गुळगुळीत, पत्नीसह रामेश्वरला निघालेले. वाटेत कुंभकोणमची देवळं करायची म्हणून दोन दिवस मामांकडे उतरले. मी पुण्याचा, म्हणून ओळख मीच काढली. आयुष्यात मी करून दिलेल्या ओळखींपैकी निस्तराव्या न लागलेल्या ओळखी अजून व्हायच्या आहेत.

प्रकाशकांनी चाळता चाळता अर्धा ग्रंथ वाचला. सासूच्या डावापाशी ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "रावसाहेब," ते म्हणाले, "मी हे छापतो. असा रोम आमच्याकडे कुणी दिलेला नाही. पण याला शेवट कुठाय?"

"एवढ्यावर बरें दिसतें," मामा म्हणाले.

"छे छे! रोम पडलं पाहिजे. त्याशिवाय पुस्तक कोण घेईल? आमच्या वाचकाला दुसऱ्याचं राज्य बुडालेलं फार आवडतं. उद्या संध्याकाळी आमची गाडी. तोवर पाडा, बाड माझ्याबरोबर द्या. नाहीतर राहिलं."

दुपारी मामांनी मला हळूच विचारलं की पुण्यात पुठ्ठ्याचं बांधतात की कापडाचं. संध्याकाळी कोऱ्या कागदावर ग्रंथाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून, तो कागद हातभर लांब धरून पाहत बसलेले मला दिसले. मामी मागीलदारी मला म्हणाल्या, "रोम लिहितां लिहितां ह्यांचे दांत गेले हो. एकदां छापून दिसूं द्या. पण घरांत पोटुशी लेंक. पहिलें राहिलें नाहीं. कालच तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीचें तूप आणलें तिज. आणि ह्या घरांत राज्य बुडवायचें कसें?"

इथं शहाणा माणूस माडीवर जाऊन झोपला असता. मी म्हणालो, "त्यात काय! शेवट मी लिहितो."

मामांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमच्या पणज्यानें कांहीं बुडविलें आहे?"

"स्वतःचं शेत सोडून काही नाही."

"तर चालेल," मामा म्हणाले. "तुमच्यावर दोष नाहीं. परंतु तिण्णैवर वाचिलें पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतळी कापली. दुपारपर्यंत रोम पाडलं. पाडलं म्हणजे काय, वर्गात सांगायचो ती पतनाची कारणं मांडली: राजकीय, आर्थिक, सामाजिक व इतर. पण ते वाचून मलाच जांभई आली, म्हणून थोडा रंग भरला. मूळ ग्रंथाप्रमाणे शेवटचा सम्राट हा एक कोवळा पोरगा. रानटी सरदारानं त्याला गादीवरून उतरवलं, पण मारलं नाही. पेन्शन बांधून दिली आणि नातेवाइकांसह दक्षिणेला समुद्रकाठच्या वाड्यात पाठवून दिलं. हे मी एका ओळीत उरकलं, कारण मला घाई होती ती माझ्या स्वतःच्या वाक्याची: 'आणि त्या भग्न सभागृहात, जिथं एके काळी जगाचं भवितव्य ठरत असे, तिथं घुबडं घुमू लागली.' हे वाक्य मी माडीवर तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला. माझ्याच.

संध्याकाळी तिण्णै भरली. प्रकाशक आणि त्यांच्या पत्नी, सामान बांधून, खाली जटका उभा करून. हेडमास्तर, पानवाले. लेकीला मामींनी मागीलदारी बसवलं होतं, पण ती दाराआड येऊन उभी राहिलेली तिच्या बांगड्यांवरून कळत होती. मी मराठीत वाचायचं, मामा ओळीओळीला तमिळ करणार.

मी वाचलं, "रानटी फौजा नगरात घुसल्या. तीन दिवस लूट चालली."

मामांनी तमिळमध्ये सांगितलं, "ऊरिल् कोंजम् कष्टम्." गावात थोडी अडचण झाली.

मी वाचलं, "जे पळाले ते वाचले, उरलेले तलवारीखाली गेले."

मामा म्हणाले, "पुष्कळ लोक बाहेरगावीं गेले."

एवढं तमिळ मला येत होतं. मी मामांकडे डोळे वटारून पाहिलं. ते खांबाकडे पाहत होते. मग ती पेन्शन आली. इथं मामा दचकले.

"थांबा. पेन्शन दिली? वंशपरंपरा की हयातीपुरती?"

"ग्रंथात नाही, मामा."

"तेवढेंच लिहायचें होतें त्यांनीं," ते पुटपुटले. राज्य गेल्यावर पेन्शनीवर जगलेल्या तंजावरच्या माणसाला इतिहासातून नेमकं काय विचारावं हे उपजत कळतं.

मग मी आवाज चढवून घुबडं सोडली आणि कागद खाली ठेवला. टाळ्यांची वाट पाहिली.

घुबडांचं तमिळ झालंच नाही. मामांच्या चेहऱ्यावरून हेडमास्तरांना कळलं की काहीतरी वाईट होऊन थांबलं आहे; ते मांडी घालून बसले ते बसलेच. पानवाले आज चक्क जागे होते. मामी दारात आल्या, आणि त्यांच्या मागं लेक, पोटावर हात ठेवून.

"वा, उत्तम!" प्रकाशक उठू लागले. "घुबडं झकास. द्या बाड, गाडीची वेळ झाली."

त्यांच्या पत्नींनी त्यांचं धोतर धरून त्यांना खाली बसवलं. "अहो, असं उठतात का? रामेश्वराला निघालोय आपण. कुणाचं वाटोळं ऐकून तशीच जाऊ मी?"

"पणज्यासारखाच मी नाशावर येऊन थांबलों आहें," मामा हळू म्हणाले. मग बाड उचलून मांडीवर घेतलं. "मंगल नसेल तर मज देतां येणार नाहीं, साहेब. छापूं नका. राहूं द्या."

त्यांनी बाडाची दोरी बांधायला घेतली. गाठ बसेना. खाली जटकेवाला ओरडत होता. तेवढ्यात दारातून लेक बापाला म्हणाली, "अण्णा, त्या पोराचें पुढें काय झालें?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर?"

"कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो. "समुद्रकाठी गेला, एवढंच. पुढचं कुठंही लिहिलेलं नाही."

"लग्न झालें नाहीं, असें लिहिलें आहे?"

"तसंही नाही."

"मग झालें," मामा म्हणाले.

"अहो, इतिहास आहे हा!" प्रकाशक कळवळले. "पुरावा काय?"

"मास्तर, त्या घुबडांस पुरावा आहे?"

मी चाचरलो. "घुबडं... ती मीच घातली."

"तुम्ही घुबड घालावें, आणि मीं लग्न घालूं नये?"

इतिहासाच्या पद्धतीवर मी पुढे पुष्कळ परिसंवाद ऐकले. या प्रश्नाचं उत्तर मला कुठंही मिळालं नाही.

घुबडं त्याच क्षणी उडाली, आणि तिण्णैवर बोलणी सुरू झाली. मुलगी तिथलीच, समुद्रकाठची पाहावी, असं प्रकाशकांच्या पत्नी म्हणाल्या. मामींचं म्हणणं, घराणं चांगलं हवं. राज्य गेलेल्या मुलाला चिडवणारी नको. हेडमास्तरांनी पत्रिका पाहिली का म्हणून तमिळमध्ये चौकशी केली. प्रकाशक पत्नीला घड्याळ दाखवत होते, पत्नी त्यांना तळहात दाखवत होती. मामा कोट चढवून, उभ्यानंच, एकदा तमिळमध्ये आणि एकदा मराठीत सांगत गेले: वाड्याला आंब्याची तोरणं कशी बांधली, रानटी सरदारानंही आहेर कसा पाठवला, आणि मुलीनं मुलाला कसं विचारलं की तुम्ही पूर्वी कोण होतां, तर तो म्हणाला, आतां आठवत नाहीं. दारातली लेक तोंडाला पदर लावून हसली. मामींनी सगळ्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. प्रकाशकांनी आपल्या वाटच्या अक्षता टाकल्या, बाड बगलेत मारलं, आणि माझ्याकडे बोट रोखून ओरडले, "तळटीप! लग्नाला तळटीप द्या, सही तुमची!" मी जटक्याच्या पायरीवर कागद टेकून लिहिलं: 'कुंभकोणम येथील परंपरेनुसार.' खाली नाव, पदवी, हुद्दा. उभ्या हयातीत माझं छापून आलेलं संशोधन तेवढंच. ते अद्याप कुणी खोडून काढलेलं नाही.

जटका वळल्यावर मी म्हटलं, "मामा, पुण्याला गेल्यावर त्यांनी लग्न काढून टाकलं तर?"

"ऐकणारे नीट उठून घरीं गेले," मामा म्हणाले. मग बराच वेळ ओट्यावर सांडलेल्या अक्षता वेचत राहिले. "परंतु प्रत आली की शेवटलें पान तुम्ही आधीं पाहा, मास्तर. मज धीर होणार नाहीं."

पुस्तक यायला वर्ष लोटलं. तोवर लेक सुखरूप बाळंत होऊन, मुलीला घेऊन मद्रासला सासरी परतलीही होती. पार्सल मी सोडलं. पुस्तक कापडी बांधणीचं होतं. मामा लगबगीनं आत गेले आणि दाराआड उभे राहिले.

"लग्न आहे?"

"आहे."

"नीट पाहा. अर्धें कापिलें नसेल?"

"सबंध आहे. तोरणंसुद्धा आहेत."

"आणि राज्य?"

"ते पडलंय, मामा."

दाराच्या फटीतून चष्म्याची दोऱ्याची काडी दिसली.

"पडूं द्या," ते म्हणाले. "पोरगा सुखी आहे ना?"

"सुखी आहे," मी म्हणालो. "असं छापलंय."